घरातल्या मिठातलं आयोडीन मोजायचंय? मग आधी मीठ कुणाच्या घरून आणि कसं आणायचं ते ठरवा

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा आम्ही नागपुरातल्या एका शाळेतून मिठाच्या पुड्या मागवल्या होत्या, पोरांना सांगितलं उद्या घरून दोन चमचे मीठ आणा. दुसऱ्या दिवशी सगळ्या पुड्या आल्या, लॅबमध्ये तपासल्या, जवळपास सगळं मीठ पास आणि आकडेही एकमेकांच्या इतके जवळ की मला वाटलं काय मस्त टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण टाकून आयोडीन मोजणं) केलंय आपण. मग एका पोट्ट्याने खरं काय ते सांगून टाकलं, "सर, आम्ही विसरलो होतो ना, तर वर्गातल्या एका पोरीनं तिच्या पुड्यातलं सगळ्यायले वाटलं." म्हणजे अर्ध्या वर्गाचं मीठ एकाच घरचं! टायट्रेशन खरंच मस्त झालं होतं, फक्त एकच मीठ आम्ही वीस-पंचवीस वेळा मोजलं होतं.

तेव्हापासून विद्यार्थी प्रोजेक्टसाठी आले की मी आधी ब्युरेट (टायट्रेशनची आकडे असलेली काचेची नळी) दाखवत नाही, आधी विचारतो मीठ कुठून आणणार. हा लेख त्याच गप्पांचा आहे. कॉलेजचे प्रोजेक्टवाले, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे) विद्यार्थी, एखाद्या वस्तीत काम करणारी मंडळी, आशाताई, ज्यांना कुणाला "आमच्या भागातल्या घरात आयोडीनवालं मीठ पोचतं का" हे शोधायचंय त्यांच्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. आयोडीन कमी पडलं की थायरॉइडला हार्मोन बनवता येत नाही, गलगंड तर दिसतो पण खरं नुकसान पोटातल्या बाळाच्या मेंदूचं होतं आणि ते दिसत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो, १९६२ ला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, १९९२ ला त्याचं नाव बदलून आयोडीनच्या कमतरतेच्या सगळ्याच विकारांचा कार्यक्रम झाला. बिगर-आयोडीन खाण्याच्या मिठावरची बंदी मध्ये २००० साली उठली होती, २००६ ला परत लागली. आपल्या कामाचा आकडा एकच, ग्राहकाच्या हातात पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन पाहिजे, म्हणजे एक किलो मिठात १५ मिलिग्रॅम.

आधी प्रश्न लिहून काढा, वहीत, एका ओळीत

हे बोअर वाटतं पण इथेच सगळं फिसकटतं. "मिठात आयोडीन आहे का?" आणि "मिठात पुरेसं आयोडीन आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी टेस्ट किटने मीठ तपासलं, तिथे आयोडीनवालं मीठ वापरणारी घरं नव्वद टक्क्यांच्या वर दिसतात. २०१८-१९ च्या इंडिया आयोडीन सर्व्हेत मीठ लॅबमध्ये टायट्रेट केलं आणि १५ पीपीएमच्या वर किती ते पाहिलं, तर देशाचा आकडा ७६.३ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत बस. तुमच्या गाइडने एक आकडा वाचलेला असेल आणि तुम्ही दुसरा प्रश्न मोजत असाल तर व्हायव्हाला तुमची धडगत नाही.

दुसरी गोष्ट, पूर्ण शहराचा टक्का काढायचाय की "या झोनमध्ये गडबड आहे की नाही" एवढंच कळायला हवंय? की मीठ कुठल्या दुकानातून, कुठल्या प्रकारचं येतं ते शोधायचंय? सॅम्पलिंगची पद्धत यावरून ठरते, सोय कुठली यावरून नाही (सोयीवर ठरवलं की काय होतं ते वर सांगितलंच).

दुकानातून मीठ

सगळ्यात स्वस्त आणि झटपट. इतवारीच्या ठोक बाजारात एक चक्कर, मग तुमच्या भागातली पंधरा-वीस किराणा दुकानं, प्रत्येकात विकायला असलेलं प्रत्येक प्रकारचं मीठ एकेक पुडा. बारीक रिफाइंड, खडेमीठ, सुटं, सैंधव, काळं, सगळं. बाजारात काय काय येतंय ते एका दिवसात कळतं, खडेमिठाच्या पोत्यात किती निघतं तेही कळतं. पण यातून घरांचा टक्का काढू नका. दुकानात पाच ब्रँड आहेत म्हणून प्रत्येक ब्रँड वीस टक्के घरात जातो असं थोडीच आहे, एकच ब्रँड ऐंशी टक्के खपत असेल आणि बाकी चार मांडणीवर धूळ खात असतील. आणि अजून एक, तुम्ही विकत घेतलेला पुडा हा कायद्याचा नमुना नाही, तो घेण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा, त्यामुळे दुकानदाराशी हुज्जत घालायला जाऊ नका.

शाळेतून मीठ

आयोडीनच्या सर्वेक्षणात शाळा का लोकप्रिय आहे त्याला कारण आहे. ६ ते १२ वर्षांची मुलं एका जागी सापडतात, त्यांच्या लघवीतलं आयोडीनही त्याच फेरीत मोजता येतं (त्याचा मध्यक १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर असला की वस्ती ठीक मानतात), एका सकाळी एक शाळा उरकते. पण ज्या घरात शाळेत जाणारं मूल नाही ते घर तुमच्या लेखी नाहीच. नागपुरात किती म्हातारे आई-बाबा एकटे राहतात, पोरं पुण्याला, आणि रूम करून राहणारे विद्यार्थी किती, त्यांचं मीठ कुणी आणायचं? शिवाय जे मूल शाळा सोडून कामाला लागलंय त्याच्याच घरी स्वस्त सुटं मीठ असण्याची शक्यता जास्त, आणि तेच बाहेर राहतं. दोन भावंडं असली तर एकच डबा दोनदा मोजला जातो. आणि आईचा स्वभाव, शाळेत पाठवायचंय म्हटल्यावर ती डब्यातलं ओलसर मीठ देईल की नवा पुडा फोडेल?

तरी शाळाच करायची असेल तर पुड्या तुम्ही द्या, आधीच नंबर टाकलेल्या, आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहा "रोजच्या भाजीत जे मीठ टाकता त्याच डब्यातलं दोन मोठे चमचे". विसरलेल्या पोरांना रागावू नका, उद्या आणा म्हणा, रागावलात की मैत्रिणीच्या पुडीतलं येणार. महानगरपालिकेच्या आणि खाजगी शाळांचं प्रमाण शहरातल्या पटसंख्येप्रमाणे ठेवा, ओळखीच्या मुख्याध्यापकांप्रमाणे नाही.

घरोघरी, ३० क्लस्टरची पद्धत

शहराचा टक्का हवा असेल तर हीच. अवघड नाही, पायपीट आहे.

किती घरं लागतील ते आधी. ८० टक्के घरांत मीठ ठीक असेल असा अंदाज धरा, ५ टक्के इकडे-तिकडे चालेल म्हणा, तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.८ गुणिले ०.२ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर येतं २४६. पण ही २४६ घरं शहरभर विखुरलेली असतील तरच. आपण वस्तीत जाऊन ओळीने घरं घेतो आणि एका गल्लीतले लोक एकाच किराणावाल्याकडून मीठ घेतात, म्हणून एकमेकांसारखे निघतात. त्यासाठी साधारण दुप्पट धरायचं, झाले ४९२, तीस क्लस्टर (म्हणजे एकेका जागची घरं) गुणिले १७ घरं म्हणजे ५१०, काम झालं.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर तीस ठिकाणी कशाला, पाच वस्त्यांत शंभर-शंभर घरं करतो ना, तेवढीच होतात." होत नाहीत! गल्लीतल्या सारखेपणाचा आकडा (० म्हणजे शेजारी असल्यामुळे काहीच सारखं नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) समजा ०.०६ आहे. एका क्लस्टरमध्ये १७ घरं असली तर १ अधिक १६ गुणिले ०.०६, म्हणजे १.९६ पटीने किंमत घटते, ५१० घरांची माहिती २६० घरांएवढी. एका वस्तीत १०० घरं घेतली तर १ अधिक ९९ गुणिले ०.०६, म्हणजे ६.९४, आणि तुमच्या ५०० घरांची किंमत उरते ७२ घरांएवढी. मेहनत तेवढीच, पेट्रोल थोडं वाचलं, आणि ५ टक्क्यांची चूक ९ च्या वर गेली. मला विचाराल तर या पूर्ण लेखातलं एकच गणित पाठ करायचं असेल तर हे करा.

आता तीस जागा निवडायच्या. प्रभागांची यादी घ्या, समोर घरांची संख्या लिहा, आणि बेरीज करत करत खाली या. सोयीसाठी समजा एकूण ६ लाख घरं आली, त्याला ३० ने भागा, २०,००० चं अंतर. १ ते २०,००० मधला एक आकडा मोबाईलवर रँडम काढा, समजा ७,३४२ आला. ज्या प्रभागाच्या चालू बेरजेत ७,३४२ वं घर पडतं तो पहिला, मग २७,३४२, मग ४७,३४२ असं तिसापर्यंत. मोठा प्रभाग दोनदा येऊ शकतो, येऊ द्या, बदलू नका, मोठ्या वस्तीला जास्त संधी मिळावी हाच तर हेतू आहे. मग प्रभाग मोठा असतो म्हणून त्याच्या आत तसंच करून एक मतदान केंद्राचा भाग निवडा, त्याची हद्द लिहिलेली असते, फिरायला बरं पडतं.

वस्तीत पोचल्यावर जुनी युक्ती म्हणजे चौकात उभं राहून पेन फिरवायचं, टोक जिकडे तिकडे चालू पडायचं. मला ती आवडत नाही. चौकाजवळची, देवळाजवळची, पक्क्या रस्त्यावरची घरं जास्त येतात आणि मागची नाल्याकाठची झोपडी कधीच येत नाही. त्यापेक्षा एक फेरी मारून घरं मोजा, ३४० निघाली तर ३४० भागिले १७, दर विसावं घर, पहिलं १ ते २० मधून चिठ्ठी टाकून. फ्लॅटस्कीम असेल तर प्रत्येक फ्लॅट एक घर. वॉचमन सोडणार नाही, सेक्रेटरीला आदल्या दिवशी भेटून पत्र द्या.

बंद घरं ही नागपुरातली मोठी डोकेदुखी. मनीषनगरसारख्या भागात दोघंही नोकरीवाले, दुपारी कुलूप. लगेच शेजारचं घर घेऊ नका, कारण मग तुमचा सर्व्हे फक्त दुपारी घरी असणाऱ्यांचा होतो. दोनदा परत जा, एकदा रविवारी. त्यानंतरही नाही मिळालं तर "मिळालं नाही" लिहा आणि किती घरं अशी गेली ते रिपोर्टमध्ये सांगा.

१९ घरांची पद्धत

कारखान्यातल्या मालाच्या लॉटवरून आलेली युक्ती आहे, लोक एलक्यूएएस (लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग) म्हणतात. टक्का नाही काढायचा, फक्त पास-नापास. एका भागातून रँडम १९ घरं, ८० टक्क्यांचं टार्गेट असेल तर १९ पैकी १३ किंवा जास्त घरांत मीठ ठीक निघालं तर भाग पास, १२ किंवा कमी निघालं तर तिथे लक्ष द्या. ९० टक्क्यांचं टार्गेट असेल तर १५. खरंच ८० टक्के असलेला भाग चुकून नापास होण्याची किंवा ५० टक्केवाला चुकून पास होण्याची शक्यता दोन्ही १० टक्क्यांच्या आत राहते. मधल्या, म्हणजे ६५-७० टक्केवाल्या भागाबद्दल मात्र ही पद्धत कौल कुठेही देऊ शकते, ते लक्षात असू द्या.

नागपूरला ही फिट बसते असं माझं मत. महानगरपालिकेचे १० झोन आहेत, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. प्रत्येकी १९, एकूण १९० घरं. प्रत्येक झोनचा निकाल मिळतो, आणि झोनच्या घरसंख्येप्रमाणे वजन देऊन एकत्र केलं तर शहराचा टक्काही साधारण ६ टक्क्यांच्या चुकीत मिळतो. पण अट एकच, ती १९ घरं झोनभर वेगवेगळ्या १९ जागी पाहिजेत. एका गल्लीत १९ घरं उरकली की ते एलक्यूएएस नाही, ती टाइमपास आहे. चार पोरं आणि दोन गाड्या असलेल्या ग्रुपला मी हेच सुचवतो.

दारात गेल्यावर

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं. आपल्याकडे मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, आणि दिवेलागणीला तर घराबाहेर मीठ कुणी देतच नाही. संध्याकाळी सात वाजता गेलात आणि मीठ मागितलं तर काकू दार लावून घेणार, आणि नजर काढायला, करणी करायला नेता का अशीही शंका येते. "काहून लागते जी आमच्या घरचं मीठ?" हा प्रश्न येणारच, त्याचं एका वाक्यात उत्तर तयार ठेवा. दहा ते पाच जा, रविवारी सकाळी जा, आणि पुडी ओट्यावर किंवा ताटलीत उघडी ठेवा, त्यांनाच चमच्याने टाकू द्या. नकाराचं प्रमाण एकदम कमी होतं.

मागताना "मीठ द्या" नाही, "आज भाजीत टाकलं त्या डब्यातलं द्या". बऱ्याच घरी दोन मिठं असतात, रोजचं बारीक आणि लोणच्याला, पापडाला खडेमीठ. सैंधव उपासाला. रोजचं घ्या, बाकीचं असेल तर फॉर्मवर टिपा. डबा वरून-खालून हलवून मगच काढायचं, ओल लागली की आयोडीन पाण्याबरोबर खाली सरकतं, वरचं आणि तळाचं मीठ वेगळं निघू शकतं. २५-३० ग्रॅम पुरे, म्हणजे टायट्रेशन दोनदा होतं आणि थोडं उरतं. झिपवाली प्लास्टिक पुडी, त्यावर आणखी एक पुडी, नंबरची चिठ्ठी दोन्हींच्या मध्ये. कागदाची पुडी नाही. चार गोष्टी विचारा: मीठ सुटं की पुड्याचं, पुडा दिसला का, डबा झाकणाचा आहे का, गॅसजवळ ठेवता का. कुटुंबाचं नाव लिहायची गरज नाही.

मे महिन्यात करत असाल तर पुड्या गाडीच्या डिक्कीत सोडू नका. पारा पंचेचाळीसला असतो तेव्हा डिक्कीत काय होत असेल विचार करा. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते कोरड्या स्वच्छ मिठात टिकतं, पण ओल, उष्णता आणि मिठातला कचरा एकत्र आले की आयोडीन सुटून उडून जातं.

किट का टायट्रेशन

किट म्हणजे स्टार्च, पोटॅशियम आयोडाइड आणि आम्लाचं द्रावण. छोट्या कपात मीठ सपाट भरा, दोन थेंब, एका मिनिटात निळा-जांभळा रंग, चार्टशी जुळवा. रंग आलाच नाही तर नवीन मीठ घेऊन आधी किटमधल्या रीचेक द्रावणाचे थेंब आणि त्याच जागी परत टेस्टचे, कारण मिठात चुना-सोड्यासारखा अल्कलीपणा असेल तर आयोडीन असूनही रंग येत नाही. किट "आहे का नाही" यावर भरवशाचं आहे. ७ आणि १५ पीपीएम मधला फरक मात्र ट्यूबलाइटखाली दोन माणसं दोन वेगळे सांगतात, मी आणि माझा लॅब असिस्टंट सुद्धा. म्हणून "पुरेसं" शब्द वापरायचा असेल तर टायट्रेशन, दुसरा इलाज नाही. पैसे कमी असतील तर घरात किट सगळ्यांना आणि पुड्यांमधून रँडम काही टायट्रेशनला, तेही चालतं, फक्त रंग न आलेल्याच पुड्या निवडू नका.

टायट्रेशन असं:

१. खडेमीठ असेल तर कुटून घ्या, पुडीतलं मीठ नीट मिसळा, १० ग्रॅम वजन करा, ५० मिली पाण्यात विरघळवा.

२. १ मिली दोन नॉर्मल ताकदीचं सल्फ्युरिक आम्ल, मग ५ मिली दहा टक्के पोटॅशियम आयोडाइड. आयोडीन असेल तर पिवळं होतं. (आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही.)

३. झाकण लावून १० मिनिटं अंधारात, आमच्याकडे कपाटाचा ड्रॉवर आहे त्यासाठी.

४. ०.००५ मोलर सोडियम थायोसल्फेट ब्युरेटमधून, फिकट पिवळं होईपर्यंत. हे द्रावण म्हणजे १ लिटरमध्ये १.२४ ग्रॅम क्रिस्टल. त्याची ताकद बसून बसून उतरते म्हणून नेमाने स्टँडर्डाइज करत राहा, म्हणजे खरी ताकद तपासत राहा.

५. आता स्टार्च २ मिली, गडद जांभळं होईल, आणि थेंब थेंब टाकून रंग जाईपर्यंत. स्टार्च सुरुवातीलाच टाकलं तर आयोडीन त्यात अडकतं आणि एंडपॉइंट (रंग जाण्याचा क्षण) लांबतो, ही चूक प्रत्येक बॅचमध्ये एक पोट्टा करतोच.

ब्युरेटचा आकडा गुणिले १०.५८, झालं पीपीएम. म्हणजे १.४२ मिलीला १५ पीपीएम. बघा किती बारीक धार आहे, ०.१ मिली जास्त गेलं की १ पीपीएम वाढला, नापास घर पास! म्हणून दोनदा करा आणि सरासरी घ्या, दर बॅचमध्ये एक माहीत असलेलं मीठ ठेवा, आणि दहातली एक पुडी दुसऱ्या नंबरने परत टाका, टायट्रेशन करणाऱ्याला न सांगता. हे मी स्वतःवर पण करतो, पहिल्यांदा केलं तेव्हा तोंडावर पडलो होतो. आणि लक्षात घ्या, ही पद्धत आयोडेटसाठी आहे, परदेशातून कुणी आयोडाइडवालं मीठ आणलं असेल तर ते इथे शून्यच दाखवेल.

निकाल लिहिताना तीन डबे करा: आयोडीनच नाही, आहे पण १५ च्या खाली, आणि १५ किंवा वर. नुसती सरासरी देऊ नका, अर्ध्या घरांत ५ आणि अर्ध्या घरांत ४५ असेल तर सरासरी २५ येते आणि सगळं छान दिसतं. टक्क्यासोबत चुकीची मर्यादा लिहा, आणि क्लस्टर पद्धत वापरली असेल तर ती क्लस्टर धरूनच काढा, साध्या कॅल्क्युलेटरने काढलेली मर्यादा खोटी अरुंद येते. आणि सॅम्पल कुठून घेतलं ते पहिल्याच पानावर, "शाळेतील मुलांनी आणलेले" का "घरोघरी" का "दुकानातून", कारण पुढच्या वर्षीचा ग्रुप तुमच्या आकड्याशी त्याचा आकडा ताडून पाहणार आहे, आणि यंदा शाळा, पुढल्या वर्षी घरं केली तर नागपूरकरांचं मीठ एका वर्षात बिघडलं असं उगाच छापून येईल.

त्या पहिल्या शाळेच्या पुड्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, नवीन बॅच आली की मी त्यांच्यासमोर ठेवतो आणि विचारतो यातली घरं किती ते सांगा.